हाक खोटी नव्हती

मी एक जुना भोंगा आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, हळू बोलणं मला येत नाही. ज्यांना कानात कुजबुजलेलं आवडतं त्यांनी मोबाइलला लावायच्या त्या इवल्याशा बोंडांकडे जावं. माझ्यामुळे एकदा सगळं गाव कामधंदा टाकून शाळेकडे पळत आलं होतं. त्याबद्दल मी माफी मागावी असं पुष्कळांना वाटतं. वाटू द्या.

माझा जन्म नागपूरच्या एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनिअमचा पातळ पत्रा साच्यावर दाबून मला धोतऱ्याच्या फुलासारखा आकार दिला, पाठीला आवाजाचं युनिट बसवलं आणि वरून करड्या रंगाचा हात मारला. सेलूला ओमप्रकाश नावाचा एक साउंड सर्व्हिसवाला होता. त्यानं मला विकत घेतलं आणि माझी नोकरी सुरू झाली. मी लग्नं वाजवली, बारशी वाजवली, तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेऊन निघालेल्या पोरांची नावं पुकारली. चौदा एप्रिलला भीमगीतं गायलो आणि भागवत सप्ताहात अभंगही. निवडणुकीत तर सकाळी एकाच्या जीपवर आणि दुपारी त्याच्या विरोधकाच्या जीपवर बसून मी दोघांनाही प्रचंड बहुमतानं निवडून देण्याचं आवाहन केलं. मला कोणाचं वावडं नव्हतं. लोक म्हणायचे, ओमप्रकाशचा भोंगा म्हणजे पार बोर धरणापर्यंत ऐकू जातो. मी फुगून जायचो. फुगायलाच तर मला बनवलं होतं.

पुढे डीजे आले. माणसाच्या उंचीच्या पेट्या आल्या, छातीत धडधड होईल असा आवाज आला, आणि ओमप्रकाशनं मला फाटक्या कनातींच्या मागे टाकून दिलं. किती उन्हाळे गेले मोजले नाहीत. एका दिवशी त्यानं दुकान आवरलं आणि मला आपल्या सासुरवाडीच्या शाळेला देऊन टाकलं. गाव हिंगणीच्या पुढे, जंगलाच्या कडेला. म्हाताऱ्या बैलाला गोरक्षणात पाठवतात तसं मला पाठवलं, असं सगळ्यांना वाटलं असेल. मला नाही वाटलं. शाळेच्या छपराच्या कडेला लोखंडी पट्टीवर मला बसवलं आणि पहिल्याच सकाळी मी राष्ट्रगीत असं म्हटलं की समोरच्या कडुनिंबावरचे सगळे पोपट उडाले.

त्यानंतर रोज परिपाठ, कधी पोलिओच्या डोसाची सूचना, कधी ग्रामसभेचं बोलावणं. माझी वायर शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीतून यायची. तिथे आवाज मोठा करायचं मशीन होतं. मशीनला एक खटका होता. तो एका बाजूला केला की आवाज खोलीतल्या डब्यातून यायचा, दुसऱ्या बाजूला केला की माझ्यातून. हा खटका ध्यानात ठेवा. सगळा गोंधळ त्यानंच केला.

त्याच खोलीत अंजू मॅडमनी संगणक मांडले. मॅडम पिपरी मेघेहून रोज स्कूटीवर येतात, हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागतात. खोलीची खिडकी माझ्या अगदी खाली, म्हणून आत चाललेलं मला सगळं ऐकू यायचं. लोकांना वाटतं, भोंगा नुसता बोलतो. आम्ही ऐकतोही, आणि चांगलं ऐकतो.

एका शनिवारी मॅडम आठवीच्या मुलांना म्हणाल्या, "मोबाइलवर गेम खेळता ना? पुरे झालं खेळणं. आता बनवा."

पोरांना आधी थट्टाच वाटली. गेम म्हणजे कुठल्या तरी लांबच्या शहरात, काचेच्या इमारतीत बनणारी गोष्ट. पण मॅडमनी संगणकावर रंगीत ठोकळे दाखवले. एक ठोकळा म्हणजे 'चाल', एक म्हणजे 'थांब', एक म्हणजे 'आवाज वाजव'. ठोकळे एकाखाली एक जोडले की चित्र हलायला लागायचं. चित्रं कागदावर काढायची, त्यांचा फोटो घ्यायचा. आवाज आपणच गोळा करायचे. पहिल्या काही शनिवारी तर नुसता धुमाकूळ होता. कोणी कोंबडीचा आवाज आणला, कोणी मोटारपंपाचा, कोणी बापाच्या घोरण्याचा. गेम तयार झाला की तो सगळ्यांना खेळता येईल असा इंटरनेटवर टाकायचा, खाली बनवणाऱ्यांची नावं घालायची, असं ठरलं.

अश्विन हा वर्गातला हुशार मुलगा. ठोकळे जोडण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. भैयाजींचा नातू. भैयाजी म्हणजे शाळेच्या समितीचे अध्यक्ष, अख्खं गाव त्यांना भैयाजीच म्हणतं. अश्विननं पहिल्याच दिवशी बंदुकीचा गेम बनवून आणला.

मॅडमनी विचारलं, "तुझ्या घरी बंदूक आहे?"

"नाई म्याडम."

"मग ही कोणाच्या घरची उचलून आणलीस? गोष्ट आपली पाहिजे. आपल्या गावात घडलेली."

मग पोरं गोष्टी सांगायला लागली. रस्त्यात आडवा आलेला बिबट्या, चिंचेवरचं भूत, लग्नात पळालेला घोडा. शेवटी रोशनी उठली. रोशनी कमी बोलते, पण बोलली की तिचं वाक्य अर्ध्यात तुटत नाही. तिचा बाप नत्थू पिपरी मेघेत बांधकामावर सेंट्रिंग करतो आणि आठवड्यानं घरी येतो. शेत आई बघते. तिचं नाव मंदाबाई.

रोशनीची गोष्ट सांगण्याआधी आमच्या शिवारातली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे एक हाक आहे. "धावा होऽऽ!" वावरात रानडुक्कर अंगावर आलं, कोणाला साप चावला, कोणी विहिरीत पडलं, तर ही हाक द्यायची. ज्याला ऐकू येईल त्यानं हातातलं टाकायचं, तीच हाक पुढच्या वावराला द्यायची आणि आवाजाच्या दिशेनं पळत सुटायचं. धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, भांडण असो, बोलचाल बंद असो, जायचंच. आणि ही हाक मस्करीत कधी द्यायची नाही. लहान पोरंसुद्धा खेळताना देत नाहीत.

मागच्या साली कापूस वेचताना मंदाबाईवर डुक्कर आलं. तुरीच्या ओळीत बसलेलं होतं, एकदम उठलं आणि तिचा दंड फाडून गेलं. मंदाबाई कशीबशी पळसाच्या फांदीवर चढली. डुक्कर खाली घोटाळत होतं. तिनं हाक दिली. घसा बसेपर्यंत दिली. कोणी आलं नाही. डुक्कर आपणहून गेलं तेव्हा ती खाली उतरली, हाताला पदर बांधला आणि भर दुपारी गावातून चालत घरी आली. पदरातून रक्त टपकत होतं. तिला त्या अवस्थेत मी छपरावरून पाहिलं आहे. मशीन बंद होतं आणि खोलीला कुलूप होतं, नाहीतर मी काय केलं असतं ते गावानं पाहिलं असतं.

नंतर सगळे विचारपूस करायला आले. वारं उलटं होतं म्हणाले. ट्रॅक्टर चालू होता म्हणाले. रोशनीनं वर्गात सरळ सांगितलं, "त्यायनं आयकलं होतं. माह्या मायचा आवाज हाय हे ओळखलं. आमी वस्तीतले, म्हणून नाई आले."

मंदाबाईचं घर बौद्ध वस्तीत आहे आणि तिच्या शेजारची वावरं गावातल्या शेतकऱ्यांची आहेत. तुम्ही म्हणाल, लहान मुलीचा गैरसमज असेल. मला तसं वाटत नाही. मी दोन्हीकडची लग्नं वाजवली आहेत. कोण कोणाच्या मांडवात जेवायला थांबत नाही, ते उंचावरून चांगलं दिसतं.

तर गेम ठरला. चित्रं त्याच वर्गातल्या शालूनं काढायची. तिचं पहिलं डुक्कर बटाट्यासारखं दिसत होतं, तिनं ते फाडून पुन्हा काढलं आणि दुसऱ्याला असे सुळे आले की तीच दचकली. ठोकळे अश्विननं जोडायचे. डुक्कर पहिल्यांदा चाललं ते उलटं, शेपटीकडून, आणि वर्ग पूर्ण तासभर हसत राहिला. गोष्ट रोशनीची. खेळणारानं मंदाबाई व्हायचं, कापूस वेचायचा, डुक्कर आलं की झाडावर चढायचं आणि हाकेचं बटण दाबायचं. पुढे काय, यावरून रोशनी आणि अश्विनची जुंपली.

"बटन दाबलं का सारे लोकं आले पाह्यजे," अश्विन म्हणाला.

"नाई आले. झालं तसंच ठेवीन मी."

"मंग खेळनारा हारतेच काऊन? असा गेम कोन खेळन?"

"माही माय खेळली न."

भैयाजींचं वावर मंदाबाईच्या धुऱ्याला लागून आहे, हे अश्विनला ठाऊक होतं.

हाकेचा आवाज मंदाबाईचाच हवा होता. ती शाळेत आली, पण शिवारातली हाक खेळासाठी द्यायची म्हणून आधी घुटमळली. मग तिनं स्वतः उठून खोलीच्या सगळ्या खिडक्या लावल्या, दार लावलं, भिंतीला सतरंजी टांगायला सांगितली आणि सतरंजीकडे तोंड करून हाक दिली. बाहेर उभ्या असलेल्या शिपायालासुद्धा शब्द कळला नाही. मला कळला. माझ्या पत्र्यावर काटा येत नाही, नाहीतर आला असता. हाक देऊन झाल्यावर मंदाबाई बराच वेळ सतरंजीकडेच तोंड करून उभी होती.

आता त्या दिवसाचं सांगतो. सकाळी परिपाठ झाला आणि खटका माझ्या बाजूलाच राहिला. कोणाच्या ध्यानात आलं नाही. मधल्या सुट्टीनंतर तिघं गेम तपासायला बसली. संगणकाचा आवाज फार बारीक येत होता, म्हणून अश्विननं त्याची वायर मशीनला जोडली. शालूनं डुक्कर आणलं, रोशनीनं मंदाबाईला झाडावर चढवलं आणि अश्विननं बटण दाबलं.

"धावा होऽऽ!"

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ बोललो, पण बहुतेक वेळा दुसऱ्यांची खुशामत, दुसऱ्यांची गाणी, दुसऱ्यांच्या सूचना. त्या दिवशी पहिल्यांदा मी काही तरी खरं बोललो. माझ्या तोंडातून ती हाक निघाली आणि सगळ्या शिवारावर पसरली. कापसात वाकलेली माणसं ताठ झाली. एका वावरातून दुसऱ्या वावरात हाक गेली. पोरांना काही कळायच्या आत धुऱ्याधुऱ्यांवरून माणसं पळत निघाली होती.

काठ्या आल्या, विळे आले, एक जण अर्धी दाढी केलेला, गालावर साबण तसाच घेऊन आला. शाळेत पोरं आहेत आणि हाक शाळेतून आली आहे म्हटल्यावर बायांनी तर वेचलेल्या कापसाची गाठोडी वाटेत टाकली होती. भैयाजी हातात कुऱ्हाड घेऊन, या वयात, धापा टाकत फाटकातून आत शिरले.

"हाक कोनं देल्ली? कोनाले काय झालं?"

अंजू मॅडम पुढे आल्या. "भैयाजी, कोणाला काही झालेलं नाही. मुलांच्या गेममधला आवाज होता. चुकून भोंग्यावर गेला."

"गेम?" भैयाजींना आधी शब्दच कळेना. मग कळला. "म्याडम, तुमी शिकल्या-सवरल्या. हे हाक खेळाची हाय काय? उद्या कोनावर खरंच येळ आली तं लोकं म्हनतीन, शाळेतले पोट्टे गेम खेळून राह्यले. मरन न मानूस तिकडं!"

म्हातारा चुकीचं बोलत नव्हता, हे मी कबूल करतो. पण ते त्यानं बोलावं, याचा मला संताप आला.

"तो आवाज आताच्या आता पुसा," भैयाजी म्हणाले. "हा भोंगा खाली काहाडा. अन् पोट्ट्यायनं साऱ्या गावापुढं माफी मागाव."

"बटन मी दाबलं, आबाजी," अश्विन म्हणाला.

"चुकलं आमचं, भैयाजी," मॅडम बोलायला लागल्या, तेवढ्यात रोशनी त्यांच्या पुढे येऊन उभी राहिली.

"म्याडम, तुमी नका मागू माफी. मी बी नाई मागत."

"रोशनी!"

"आवाज कोनाचा होता, भैयाजी? ओळखला काय तुमी?"

"कोनाचा का असंना."

"नाई, सांगा. कोनी ओळखला काय?"

कोणीच ओळखला नव्हता. ओळखणार कसा? माझ्यातून गेला की राजाचा आवाज आणि भिकाऱ्याचा आवाज सारखाच फाटका होतो. यावरून ओमप्रकाशला गिऱ्हाइकांची बोलणी खावी लागायची. त्या दिवशी मला माझ्या त्या फाटकेपणाचा अभिमान वाटला.

"माह्या मायचा होता," रोशनी म्हणाली.

तेवढ्यात फाटकातून मंदाबाई आली. तिचं वावर शिवाराच्या पार टोकाला, म्हणून ती सगळ्यात शेवटी पोहोचली. हातात विळा, केस सुटलेले, छाती वरखाली होत होती. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नव्हता. कोणीतरी संकटात आहे एवढंच तिला समजलं होतं आणि ती आली होती.

रोशनीनं आईकडे बोट केलं. "मांगच्या साली हेच हाक हिनं देल्ली होती. तवा कोनी नाई आलं. आज भोंग्यातून कोनाचा आवाज हाय ते समजलं नाई, तं सारेच्या सारे धावत आले. मंग सांगा, मी माफी कायची मागू? माह्या मायची हाक खोटी नोहती. तवा बी नोहती, आज बी नाई."

"पोरी, तवा वारं उलटं होतं," भैयाजी म्हणाले. "आमाले आयकू नाई आलं."

"मले आलतं आयकू."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आनंदाबाई बोलत होती. हिंगणीच्या बाजारात भाजी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकणारी, भैयाजींच्या नात्यातली बाई. तिची भाजीची वाडी मंदाबाईच्या वावरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

"मी सांभाराच्या जुड्या बांधून राह्यलती," ती म्हणाली. "हाक आली. आवाज मंदाचा हाय हे बी समजलं. मनात म्हनलं, तिच्या वस्तीतले जातीन, आपल्याले काय करा लागते. अन् जुड्या बांधत राह्यली." मग ती भैयाजींकडे वळली. "तुमी बी धुऱ्यावर उभे होते, भैयाजी. मले दिसून राह्यले होते."

साबणवाल्यानं गालावरचा वाळलेला साबण उपरण्यानं पुसला. अश्विन आपल्या आबाजींकडे पाहत होता आणि आबाजी कुऱ्हाडीच्या दांड्याकडे पाहत होते. आनंदाबाई चालत मंदाबाईजवळ गेली, पण तिला हात लावायची तिची हिंमत झाली नाही. नुसती शेजारी उभी राहिली.

हळूहळू माणसं पांगली. फाटकापाशी पोहोचल्यावर भैयाजींनी मागे न पाहता सांगितलं, "भोंगा तेवढा काहाडा." अध्यक्षांचा शब्द. दुपारीच दोघं जण छपरावर चढले, माझ्या पट्टीचे नट सोडले आणि मला दोरीनं खाली घेतलं. उतरताना मी भिंतीला आपटलो आणि माझ्या कडेला चांगला पोचा पडला. पडू दे. माझ्या मनाला काही झालं नाही.

राहिला प्रश्न आवाजाचा. पुसायचा की ठेवायचा? मॅडम विचारात पडल्या होत्या. शाळा गावात चालवायची, गावाशी वैर घेऊन कसं भागणार? त्यांनी मंदाबाईला विचारलं.

"पुसू नका म्याडम," मंदाबाई म्हणाली. "आवाज माहा हाय, मी देल्ला हाय. कोनाच्या म्हनल्यानं नाई पुसाचा. पन भैयाजीचं एक बोलनं बराबर हाय. शिवारात हे वाजू नोको."

म्हणून शालूनं गेमच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत पाटी काढली, 'वावरात असाल तर आवाज बंद करा.' आणि आवाज बंद असला तरी हाक दिसावी म्हणून अश्विननं झाडावरून निघून पसरत जाणारी वर्तुळं काढली.

पण रोशनीनं त्याहून मोठी उलथापालथ केली. पुढच्या शनिवारी ती आली आणि म्हणाली, "खेळनारा बदलाचा हाय. खेळनारा माही माय नाई. खेळनारा शेजारच्या वावरातला हाय."

अश्विननं विचारलं, "म्हंजे माहे आबाजी?"

"कोनी बी. ज्याले आयकू येते तो."

मग तिघांनी मिळून सगळे ठोकळे सोडले आणि नव्यानं जोडले. आता गेम असा आहे. तुम्ही तुमच्या वावरात आहात. कापूस वेचताय, पंप चालू करताय, सांभाराच्या जुड्या बांधताय, नाहीतर धुऱ्यावर उभं राहून मोबाइल पाहताय. काम मजेचं आहे, शालूनं तसं चितारलंच आहे. तेवढ्यात हाक येते. गेलात तर तुमची हाक पुढच्या वावरात जाते, तिथून पुढे जाते आणि सगळं शिवार धावत सुटतं. हा शेवट अश्विननं केला. नाही गेलात तर गेम तुम्हाला रागवत नाही. तुमचं काम पूर्ण होऊ देतो. मग हाताला पदर बांधलेली एक बाई तुमच्या दारासमोरून चालत जाते, आणि गेम संपतो. हा शेवट रोशनीनं केला.

गेमचं नाव ठेवलं 'हाक'. तो इंटरनेटवर टाकायच्या वेळी समितीतल्या एकानं निरोप पाठवला की गावाचं नाव काढून टाका. रोशनी म्हणाली, "गावाचं नाव टाकलंच नाई. ज्याले आपलं वाटते त्यानं आपलं समजाव." मॅडमना हसू आवरेना. त्यांनी बटण दाबलं आणि गेम जगात गेला. शेवटच्या पाटीवर तिघांची नावं होती, त्याखाली 'हाक: मंदाबाई', आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत 'भोंगा: शाळेचा'. माझं नाव आजवर कोणत्याही पत्रिकेत छापून आलं नव्हतं.

अल्लीपूरच्या शाळेतल्या पोरांनी तो खेळला आणि तिथल्या मुलींचा मॅडमना फोन आला. आमच्या इकडची हाक वेगळी आहे, ती घालून आम्ही आमचा गेम केला तर चालेल का, असं विचारत होत्या. रोशनी फोनवर ओरडली, "बनवा न! इचारता काऊन?" इतक्या जोरात ओरडली की तिला माझी गरज नव्हती.

मी आता त्या कोपऱ्यातल्या खोलीतच असतो, जमिनीवर, तोंड भिंतीकडे. तरी सगळं ऐकू येतं. एका शनिवारी भैयाजी अश्विनला न्यायला आले आणि परत फिरले नाहीत. बाकावर बसले.

"दाखवा बरं तुमचा तो गेम," ते म्हणाले.

रोशनीनं संगणक त्यांच्याकडे फिरवला. कसं खेळायचं ते अश्विननं सांगितलं. भैयाजी धुऱ्यावर उभे राहिले, म्हणजे पडद्यावर. हाक आली. या वेळी खटका बरोबर बाजूला होता, आवाज खोलीपुरताच होता. भैयाजींचं बोट बराच वेळ तसंच अधांतरी राहिलं. आवाज कोणाचा आहे हे आता त्यांना ठाऊक होतं. मंदाबाई हाका देत राहिली. मग त्यांनी बटण दाबलं, आणि पडद्यावर सगळं शिवार धावत सुटलं.

भैयाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "गेलो न मी, पोरी," ते म्हणाले.

रोशनीनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण नजर खालीही केली नाही.

"हे सोपं हाय, भैयाजी. हितं बटन हाय. वावरात बटन नसते. तवा याजो."

भैयाजींनी मान हलवली आणि अश्विनचा हात धरून निघून गेले. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. मी भोंगा आहे, ज्योतिषी नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की हात जोडतात. आम्हाला अडगळीत टाकू नका, आमच्यावरची धूळ झटका, आम्हाला पुन्हा रंग द्या, असं म्हणतात. मी तसलं काही मागणार नाही. माझा पोचा काढू नका. छपरावर चढवा अशी विनवणीही करत नाही. तुमची इच्छा. मी पुष्कळ बोललो आहे आणि जे एकदाच बोलायचं होतं ते बोलून झालं आहे. तुम्ही मात्र आपल्या गोष्टी बनवा, त्यांत आपल्या आईचा आवाज घाला, खाली आपली नावं लिहा, आणि कोणी पुसायला सांगितलं तर पुसू नका.

आणि कधी हाक आली तर ताबडतोब उठा. आवाज कोणाचा आहे, आपल्यातला आहे का, याचा अंदाज घेत उभे राहिलात, तर तुम्ही ऐकलेलं आहे. मग वारं उलटं होतं असं मला सांगायला येऊ नका. आवाज कुठवर जातो ते मला चांगलं ठाऊक आहे.